सामानाच्या यादीत सुभद्राबाई

लालबाग, ७ जुलै २०२५

चि. कादंबरीस, अ. उ. आ.

तीन स्टेशनं पलीकडे माटुंग्याला राहतेस, विद्यापीठात शिकवतेस आणि सख्ख्या आजीला विसरतेस? बदाम खा गो! फोनवर नुसती हो हो करतेस, म्हणून तुझ्या श्रेयाकाकूला लिहायला बसवलंय.

गिरणीतल्या बायकांचं काम तू अभ्यासक्रमात घेतलंस, हे ऐकून मी चाळभर मिरवले. मग काकूने तुझा अभ्यासक्रमाचा कागद वाचून दाखवला. शिकवणाऱ्यांत तुझं नाव आणि माझं सामानाच्या यादीत! सूत, बाबिनी, कात्री, सुभद्रा दगडू परब. काकू हसत सुटली. मी नाही हसले.

वायंडिंग खात्यात एकोणीस वर्षं तुटलेलं सूत सांधलं. गाठ अशी, की मागात अडकायची नाही आणि सुटायचीही नाही. शिकवणारी म्हणून बोलावलंस तर येईन. कात्रीशेजारी बसायला येणार नाही.

लोभ आहे, तो असाच राहू दे.

तुझी आजी

माटुंगा, १५ जुलै

ती. आजीस शि. सा. न.

चुकले. डिग्रीशिवाय शिक्षकांच्या रकान्यात जागा नव्हती आणि तुला गाळवत नव्हतं, म्हणून मावलं तिथे नाव घातलं. तेव्हाच भांडायला हवं होतं. काल भांडले.

बैठकीत एकांनी विचारलं, हे ज्ञान कुठल्या पुस्तकात आहे? आमचे विभागप्रमुख चिंतामणी सर म्हणाले, माझ्याच. गाठीवर त्यांनी तीन पानं लिहिलीत. मी त्यांच्यापुढे सूत ठेवलं. त्यांनी सात गाठी मारल्या, सातही सुटल्या. सर सगळ्यांसमोर म्हणाले की पानं माझी असतील, गाठ त्या बाईंची आहे. शेवटी अनुभवही पात्रता धरायचं ठरलं. तू आता शिक्षिका आणि परीक्षकसुद्धा! सोबतच्या कागदावर तेवढी सही हवी. सोमवारी पहिला वर्ग, सर पहिल्या बाकावर बसणार आहेत. सगळ्यांसाठी साजूक तुपातले बेसनलाडू पाठवते.

राग सोडून माया कर.

तुझी कादंबरी

लालबाग, १७ जुलै

चि. कादंबरीस, अ. उ. आ.

कागदावर अंगठा उमटवलाय. भांडलीस, बरं वाटलं. आणि ते सर! एवढा शिकलेला माणूस चारचौघांत मला येत नाही म्हणाला. आमच्या खात्यातला जॉबर, आमच्यावरचा मुकादम, मरेपर्यंत म्हणाला नाही. अशी माणसं असतील तर तुझं विद्यापीठ सुधारेल हो. पण पहिल्या बाकावर बसले म्हणून पास करणार नाही, सांगून ठेव.

माया आहेच, ती मागायची नसते.

तुझी आजी

ता. क. वर्गाआधी लाडू अजिबात नकोत. तुपाच्या बोटांनी सूत डागाळतं, हा पहिला धडा. सुके चणे पाठव. लाडवांचा डबा माझ्याकडे दे. ज्याची गाठ टिकेल, त्यालाच मिळेल.