साम्पाराचा ठिपका

सेलायार बेट,
शुक्रवार, ९ ऑगस्ट

लाडक्या वेनिंगला दाएंग कानांगचे पोटभर आशीर्वाद.

इकडे आम्ही बरे आहोत. आम्ही म्हणजे मी, दोन शेळ्या आणि तू राहायचीस ती खोली. तू जेवतेस ना वेळेवर? की जावा बेटावर जाऊन परत माशालासुद्धा साखर चोळायला लागलीस? इथं होतीस तेव्हा कुठं तळलेलं केळं ठेच्यात बुडवायला शिकलीस. नाक पुसत म्हणायचीस, "इबू, हे खाणं आहे की शिक्षा?" माझा लेक साम्पारा हसून हसून लोळायचा.

टेकडीवरचा तुमच्या अभ्यासाचा फोनचा खांब गेल्या महिन्यात उतरवला. तुझ्या तिन्ही फोनकंपन्यांची माणसं एकाच लाँचमधून आली आणि माझ्या अंगणात तीन कोपऱ्यांत बसून चहा प्याली. मी म्हणलं, "अरे, तीन सवतींनी एक चूल मांडली, निघताना तरी एकमेकींशी बोला की!" त्यातला जाडा साहेब म्हणाला, "इबू, अभ्यास एकत्र होता, धंदा नाही." दर्यात किती लांबवर फोन लागतो ते आता तिघांनाही कळलंय म्हणे. छान झालं.

त्यालाच मग विचारलं. म्हणलं, माझ्या लेकाच्या होडीत तुमचे तीन फोन बांधले होते, त्यातला शेवटचा कुठं बोलला तेवढं सांगा. तर म्हणाला, नकाशावर ठिपका आहे, शोधायला गेलेल्यांना तेव्हाच दाखवला होता, पण बाहेरच्या माणसाला दाखवायचा तर तिन्ही कंपन्यांच्या सह्या लागतात. तसा करारच आहे. दोघांनी केल्या, तिसरी उत्तरच देत नाही.

"मी बाहेरची?" म्हणलं.

तो आपला चहात बघत बसला. साखरेऐवजी मीठ घालायला हवं होतं मेल्याच्या चहात.

पोरी, तुला ठाऊक आहे तो ठिपका. कुठली होडी कुठवर गेली ते रोज संध्याकाळी तूच मांडायचीस, आणि त्या संध्याकाळीही तूच मांडलास. म्हणून तर तू माझा फोन उचलत नाहीस. हे कळायला मला चौथीच्या पुढं शिकावं लागत नाही.

गावात म्हणतात, त्या पोरीच्या अभ्यासापायी तो लांब गेला. मी म्हणते, तोंडं धुवून या आधी. तो लहानपणापासून लांबच जायचा, बापावर गेलेला. मासा लांब होता म्हणून गेला. तुला दाखवायला काही करायचं असलं की तो आधी माझा आरसा घेऊन केस विंचरत बसायचा. त्या दिवशी विंचरले नव्हते. मी बघितलंय.

वीस तारखेला त्याला दर्यानं नेल्याचे शंभर दिवस भरतात. बाकीच्या आयांना फुलं वाहायला कबर असते. मला अख्खा दर्या दिलाय. धक्क्यावर जाते, फुलं हातात तशीच राहतात, कुठल्या बाजूला टाकू? इमाम म्हणाले, "दाएंग, अल्लाला सगळ्या दिशा सारख्या." असतील. मी अल्ला नाही, आई आहे.

तुझी नोकरी मला घालवायची नाही. करारावर तुझीही सही आहे, ती मोडू नकोस. मला काही लिहू नकोस, सांगू नकोस. मला इबू म्हणतेस ना, मग आईचं एवढंच ऐक. वीस तारखेला ये. धक्क्यावर माझ्याशेजारी बस आणि तुला जिकडं बघावंसं वाटेल तिकडं बघ. मी आधी तुझ्याकडं बघेन, मग तू बघतेस तिकडं.

एवढ्यानं कुठल्या कंपनीचं काय जातंय?

तोवर लाँच येते त्या बाजूला तोंड करून बसते.

तुझी इबू
(हो, अजून तुझीच)