तिसरं बटण

३ नोव्हेंबर, सोमवार

फिरत नाही! स्क्रीन फिरतच नाही. नेटवर सगळे सांगतात तशी फाइलीत ओळ टाकली, बोर्ड बंद-चालू केला, परत टाकली – चित्र जसंच्या तसं. माऊस आपटला. मी कामाला आहे त्या कॉम्प्युटरच्या दुकानाचे मालक दयारामशेठ, त्यांनी बाकीचे माऊस उचलून माझ्यापासून लांब ठेवले.

हे सगळं विनिताच्या बाबांसाठी. पॅरालिसिसचा झटका आला, डावं अंग गेलं, गणपतीपासून अंथरुणावर आहेत. जन्मभर बोटीवर तांडेल म्हणून सुकाणू धरून उभा राहिलेला माणूस, आणि आता खिडकीतून दिसते ती शेजाऱ्याची भिंत. बोटी आल्या का, एवढंच विचारत असतात म्हणे. हे ऐकलं आणि मी विनिताला बोलून बसलो – तुझ्या बाबांना घरात समुद्र दाखवतो! मोऱ्याच्या जेट्टीवर तिच्या मावशीचं चहाचं दुकान आहे, तिथे एक जुना मोबाइल लावलाय, तोच कॅमेरा. घरात लावायला दुकानातला पडून असलेला मॉनिटर, त्याच्या पाठीला पत्त्यांच्या कॅटाएवढा रास्पबेरी बोर्ड, म्हणजे छोटा कॉम्प्युटरच.

अडचण अशी, की काका कुशीवर असतात. मॉनिटर उभा बांधला की झोपलेल्या माणसाला बरोबर दिसतो. पण पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून काकी नि विनिता त्यांची कूस सारखी बदलतात. कूस बदलली की चित्र उलटं! मॉनिटर सलाइनच्या स्टँडला आवळायचाय, स्टँड या बाजूचा त्या बाजूला ढकलता येईल, पण आवळलेला मॉनिटर फिरणार नाही. म्हणून चित्रच फिरवायचं.

आणि तेच फिरत नाही.

५ नोव्हेंबर

फिरलं!! नवीन सिस्टिम त्या जुन्या फाइलीकडे ढुंकूनही बघत नाही. वेगळीच कमांड लागते. तीन दिवस मी बंद दाराशी भांडत होतो. शेठनी स्वतःहून चहा मागवला.

९ नोव्हेंबर, रविवार

मॉनिटर पाठीमागे बांधून बाइकवर मोऱ्याला गेलो. वाटेतल्या उलव्याच्या धुळीने मी आणि मॉनिटर दोघंही पांढरे. दारात विनिताचा भाऊ प्रितेशदादा – "आला का अर्धा इंजिनियर!" गिळलं. विनितासाठी मी काय काय गिळतो हे तिला माहीतच नाही. आम्ही दोघं एकाच वर्गात होतो. ती पास होऊन बाहेर पडली, मी नुसताच बाहेर पडलो.

दारावरच्या बेलची दोन बटणं एका डबीत बसवून डबी पलंगाच्या कडेला अडकवली. डावी कूस, उजवी कूस. काकांचा उजवा हात चालतो, त्यांनीच दाबायचं. जेट्टी दिसली तेव्हा काकांनी बराच वेळ पापणी हलवली नाही. भीमाकाकी पदर तोंडाला लावून आत गेल्या.

विनिता अंगणापर्यंत सोडायला आली. मी आमच्या लग्नाचा विषय काढणार तेवढ्यात म्हणाली, "बाबा उठून बसल्यावर. तोवर एक शब्द नको, शार्दूल."

डॉक्टर म्हणतात, बसतील याची खात्री देता येत नाही.

१० नोव्हेंबर

तिचा मेसेज – 'बाबा आईला बोलले, पोरानं लय मेहनत केली हाय, पन दर्या वर हाय नि आभाल खाली.'

११ नोव्हेंबर

दुकान अर्धा दिवस सोडून धावलो. मी स्टँडपाशी उभा राहून डबीवर डावी-उजवी लिहिली होती. माझी डावी! काकांची ती उजवी. आणि तो माणूस मला वाईट वाटू नये म्हणून अख्खा दिवस उलटा समुद्र बघत राहिला. वायरी बदलल्या. विनिताने मला जमिनीवर कुशीवर झोपवलं आणि म्हणाली, आता बघ, मग जा. फरशीवर कान टेकवून मी बोटी बघत होतो आणि तिची पावलं दोन वितींवर. मी आणखी तासभर तपासत राहिलो असतो.

१४ नोव्हेंबर

कुठलं बटण चालू आहे ते मला दुकानातून फोनवर दिसतं. बिघाड कळावा म्हणून केलं होतं. आता उगाचच बघतो. डावी. मग उजवी. मग डावी. म्हणजे आत्ता विनिताने त्यांच्या पाठीखाली हात घातला असेल, उशी सारखी केली असेल. एका गिऱ्हाइकाला चुकीचा चार्जर दिला.

१६ नोव्हेंबर, रविवार

तिसरं बटण बसवलं. 'बसून.' कुणी सांगितलं नव्हतं. काका टेकून बसले, तर चित्र सरळ लागेल ना!

काका भिंतीकडे तोंड करून झोपले होते. विनिताने डबी बघितली. हळू आवाजात विचारलं, "हे बाबांसाठी आहे की तुझ्यासाठी? लग्नाची घाई म्हणून?"

डोकं फिरलं. म्हणालो, नको असेल तर तोडून टाक. माझाही आवाज हळूच होता, पण असला हळू आवाज ओरडण्यापेक्षा वाईट. काकींनी टाकलेला चहा तसाच सोडून निघालो. गव्हाणफाट्यापर्यंत रागात गाडी हाकली. पुढे राग संपला, रस्ता संपेना.

१७ नोव्हेंबर

डावी. उजवी. डावी.

२० नोव्हेंबर

तिचं म्हणणं खरं आहे. निम्मं तरी.

२३ नोव्हेंबर, रविवार

गेलो. माफी मागता येत नाही मला. काळी टेप काढली आणि तिसऱ्या बटणावर चिकटवली, दोन थर. काकांना त्याची घाई वाटायला नको. विनिता बघत होती. चहा तिने केला, आणि साखर बरोबर माझ्यासारखी, जास्त.

टेप लावताना काका जागे होते. जीभ जड आहे, पण आता शब्द कळतात. "ह्यो तिसरा कशाला?"

खोटं सुचलं नाही. म्हणालो, तुम्ही बसाल तेव्हाचं आहे. राहू दे सध्या.

काकांनी माझ्याकडे बघितलं. मग समुद्राकडे. ओहोटी होती, बोटी चिखलात कलंडून पडलेल्या.

७ डिसेंबर, रविवार

काही बिघडलेलं नाही, तरी गेलो. काकी म्हणाल्या, "बाला, जेवूनच जा." बोंबलाचं कालवण! प्रितेशदादा ताटावर म्हणाला, अर्धा इंजिनियर जेवतो मात्र पूर्ण. मी हसलो. खरंच हसलो – राग शोधला तर सापडला नाही.

व्यायाम करवायला एक मुलगी येते आता. काका दातओठ खाऊन करतात, विनिता सांगत होती. कधी कधी ती मुलगी गेल्यावरही एकटेच कॉटची पट्टी धरून ओढत राहतात.

१५ डिसेंबर

डावी. उजवी. दुकानात गर्दी. बरं चाललंय.

१९ डिसेंबर, शुक्रवार

दुपारी फोनवर – बसून.

वायर शॉर्ट झाली असं वाटलं. विनिताला फोन लावला, तर रडत होती की हसत होती कळेना. म्हणाली, मी दुपारच्या जेवणाचं ताट आणायला आत गेले होते. बाबांनी टेप नखाने सोलून काढली, आईला पाठीमागे तक्क्या लावायला लावला, आणि बसले. स्वतः दाबलं. मागून काकांचा आवाज येत होता, तोच जड, ठाम. मी विचारलं, काय म्हणतायत?

"म्हणतायत, तुम्ही बटणावरून भांडलात त्या दिवशी मी झोपलो नव्हतो. त्याला विचार, लग्नाची बोलणी करायला कोनाला घेऊन येतो?"

माझ्या आईला मी अजून काहीच सांगितलेलं नाही!