अडलेलं पोटॅशियम

येलहंका, गुरुवार

ती. आप्पाजीअण्णांना धाकट्या शालनचा नमस्कार.

तुमचे गुडघे आणि वहिनींचा राग, दोन्ही आटोक्यात असतील अशी आशा. तुमची हर्षिता आमच्याकडे सुखरूप आहे. सुखरूप नव्हते ते आमच्याकडचे (बसवंतराव, दुसरे कोण).

गेल्या शनिवारी सोसायटीच्या सभेत पार्किंगवर भाषण करता करता हे धाडकन खाली पडले. लोकांना तो भाषणाचाच भाग वाटला, टाळ्याही पडल्या. अध्यक्ष मंजुनाथअण्णा "नीरु कोडी, नीरु!" म्हणून कानडीत पाण्यासाठी ओरडले, तेव्हा मी खुर्च्या ओलांडत ह्यांच्याकडे धावले. रुग्णालयात शुद्धीवर येताच ह्यांनी विचारलं, "ठराव मंजूर झाला का?"

ईसीजी पाहून डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हृदयाच्या विजेत गडबड आहे. (ह्यांनी लगेच वीज खात्याला शिव्या घातल्या.) तेवढ्यात हर्षिता हेब्बाळच्या प्रयोगशाळेतून धावत आली. तिने कागद पाहिला आणि विचारलं, "काका, कुठली गोळी घेतलीत?" हे आधी नाहीच म्हणाले. मग कबूल झाले: खोकल्यासाठी, स्वतःच्या मनाने, दुकानदाराला विचारून. डॉक्टरीणबाईंनी ती गोळी तत्काळ बंद केली.

मग पोरीने मला समजावलं. हृदयाच्या प्रत्येक पेशीला म्हणे अगदी बारीक दारं असतात. सोडियम आत घुसलं की ठोक्याची ठिणगी पडते, कॅल्शियम आलं की पेशी आकसते, पोटॅशियम बाहेर गेलं की ती विसावते. त्या गोळीने नेमकी पोटॅशियमची दारं अडवली. विसाव्याला उशीर झाला आणि ताल चुकला. (अण्णा, पोरगी इतकी वर्षं हे शिकतेय आणि आपण सगळ्यांना 'लॅबमध्ये असते' एवढंच सांगत होतो.)

आता ठोके सुरळीत आहेत, हे घरी आहेत. पण सोसायटीने फक्त 'पोटॅशियम' ऐकलं. भाग्यलक्ष्मीअक्का केळ्यांचा घडच घेऊन आल्या. हर्षिता म्हणाली, "अक्का, पोटॅशियम कमी नव्हतं, त्याची वाट अडली होती." अक्का म्हणाल्या, "सरी, सरी (म्हणजे बरं, बरं). पण स्वल्प खाऊ दे." आणि हे लोडाला टेकून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात, "आमची दारं जरा नाजूक आहेत."

वहिनींना नमस्कार.

तुमची,
शालन

ता. क. येत्या रविवारी हर्षिताला बघायला पाहुणे बोलावल्याचं वहिनींनी कळवलं. ती येणार नाही. त्या दिवशी तिने प्रयोगशाळेत बशीत वाढवलेल्या हृदयाच्या पेशी धडधडणार आहेत आणि ते तिला मोजायचं आहे. तिची पीएचडी होईपर्यंत हा विषय काढू नका, एवढ्यासाठीच हे पत्र.

आणखी ता. क. मुलाकडच्यांना फारच घाई असेल तर मुलालाच इकडे पाठवा. सवड झाली की हर्षिता त्याला बघून घेईल.