यीस्ट किती घालायचं, बेनी?

एश यांचा मळा,
लँकेस्टर, पेन्सिल्वेनिया.
सोमवार, धुणं वाळत घातल्यावर.

चि. बेनी यास थोरल्या बहिणीचे, म्हणजे मॅटीचे, अनेक आशीर्वाद आणि प्रभूच्या नावाने सलाम. (अठ्ठावन्न वर्षांच्या, गुडघे दुखणाऱ्या माणसाला चिरंजीव म्हणू नये असं कुठे लिहिलेलं नाही. तुझे गुडघे दुखतात हे मला पक्कं ठाऊक आहे, कारण माझे दुखतात, आणि आपल्या घराण्यात जे काही असतं ते दोन-तीन वर्षांच्या अंतराने सगळ्यांच्या वाट्याला येतं.) तुझी तब्येत कशी आहे? तुझ्या बायकोची? आणि ट्रकची? खरं तर ट्रकचीच चौकशी आधी करायला हवी होती. सत्तावीस वर्षांपूर्वी आम्हा सगळ्यांना सोडून तू गेलास तो त्याच्यापायी. एव्हाना तो भंगारात गेला असेल. आपला घोडा बघ, अजून... नाही, तो घोडाही गेला. तेव्हा ते राहू दे.

इकडे सगळे खुशाल. भावंडांचं फिरतं पत्र दर महिन्याला येतं, प्रत्येक जण आपलं पान त्यात घालतो आणि पुढच्याला पाठवतो. तुझं पान त्यात नसतं. आपल्या घोडागाडीवाल्या पंथात बाप्तिस्मा घेऊन मग मोटारीच्या मागे गेलेल्या माणसाला वाळीत टाकायचं, हा नियम मी केलेला नाही. पण वाळीत टाकलेल्याला पत्र लिहायचं नाही असा नियमही कुणी केलेला नाही, हे मला सत्तावीस वर्षांनी सुचलं. मी पहिल्यापासून जरा सावकाशच.

पत्रास कारण, रूट बिअर, आपलं ते मुळांचं गोड, फेसाळ, नावापुरतीच बिअर असलेलं पेय. आईला या उन्हाळ्यात अन्न जात नाही. दूध नको, कॉफी नको, सूप पुढे केलं तर तोंड फिरवते. जुलैत एक दिवस उठून म्हणाली, "रूट बिअर दे." मी लगेच दुकानातून थंडगार बाटली आणली. तिने एक घोट घेतला, माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी तिला भांड्यांचं पाणी पाजलं, आणि म्हणाली, "यात बाहेरून फुंकर मारलीय." झालं! एकोणनव्वद वर्षांच्या बाईला फसवता येत नाही. आपल्या घरची रूट बिअर स्वतःच्या दमाने फसफसायची, तिला कुणी फुंकर मारावी लागत नसे. पण ते खातं दहाव्या वर्षापासून तुझ्याकडे. मी फक्त बाटल्या विसळायची आणि दादा, आपले वडील, फक्त ओरडायचे. आता दादा नाहीत, तू नाहीस, आणि विसळणारीच्या गळ्यात सगळा कारखाना पडला.

म्हणून मी फावडं घेऊन ओढ्याकाठी ससाफ्रासच्या झाडांची मुळं खणायला गेले. (एकसष्टाव्या वर्षी बाईने मुळं खणू नयेत. मूळ एकदम सुटलं आणि मी मागच्या मागे ओढ्यात बसले. टोपी मात्र डोक्यावर राहिली, तेवढी अब्रू वाचली.) मुळं उकळली, साखर घातली, काकवी घातली, घरभर तो वास सुटला. बेनी, तो वास आला आणि मी चुलीपाशी उभ्या उभ्या तुला हाक मारली. "बेनी, बाटल्या वाळल्यात रे," असं. पुढे घाईघाईने त्या कढत पाण्यातच यीस्ट टाकलं. तू प्रत्येक बाटलीत एक बेदाणा टाकायचास, तो तळातून वर आला की बाटल्या थंडाव्याला तळघरात न्यायच्या. माझे बेदाणे तळाशी पडले ते पडलेच. चार दिवस मी त्यांच्याकडे आणि ते माझ्याकडे बघत होतो. कढत पाण्यात यीस्ट मरतं हे शेजारच्या लव्हायनाने सांगितलं, आणि तेही अशा सुरात की मी माणूस मारला आहे.

मग मला आला राग. दुसऱ्या खेपेला पाणी कोमट केलं आणि यीस्टचे तीन चमचे घातले. चौदा बाटल्या भरल्या, तारेची बुचं आवळून बसवली. पण नेमकी त्याच आठवड्यात उपासनेची पाळी आपल्या घरी होती. एकशे ऐंशी माणसं यायची म्हणजे काय ते तुला ठाऊक आहे. पुरुष प्रवचन ऐकतात, बायका कोपऱ्यातली जळमटं मोजतात. तळघराला चुना मारायचा होता, म्हणून बाटल्या उचलून कोठीच्या खोलीत ठेवल्या आणि कुणाच्या नजरेला पडू नयेत म्हणून वर चार गोधड्या टाकल्या. भिंतीपलीकडे चूल. चुलीवर पहाटेपासून एकशे ऐंशी माणसांची कॉफी. तीन चमचे यीस्टला मी गोधडी पांघरून शेकत ठेवलं होतं, हे आता लिहिताना दिसतं. तेव्हा दिसलं नाही.

दोन्ही प्रवचनं सुखरूप पार पडली. मग मूक प्रार्थनेला सगळे गुडघे टेकून, बाकांवर डोकी ठेवून बसले. टाचणी पडली तरी ऐकू यावी अशी शांतता. आणि कोठीतून आवाज आला, "ठाक्!"

पहिल्या आवाजाला लोकांना वाटलं कुणाचा बाक मोडला. दुसऱ्याला वाटलं कुणी शिकारी आपल्या मक्यात शिरलाय. तिसऱ्यापासून मी मोजायला लागले. (प्रार्थनेत मोजत होते. प्रभूने क्षमा करावी.) बिशप उठेपर्यंत कुणी उठायचं नाही, आणि बिशप एलम हा जात्याच न उठणारा माणूस. कोठीच्या दाराखालून तपकिरी फेस आला, फरशीवरून सरकत सरकत थेट त्याच्या गुडघ्यांपर्यंत पोचला, तरी तो हलला नाही. नऊ फुटल्या. नवव्या आवाजानंतर पुन्हा सगळं शांत झालं. आणि त्या शांततेत, खुर्चीवर बसलेली आपली आई, जिला मी परसातून चार वेळा हाक मारली तरी ऐकू जात नाही, ती खणखणीत आवाजात म्हणाली, "बेनी आला वाटतं! अगं मॅटी, दार उघड की!"

सत्तावीस वर्षांत या घरात चारचौघांत तुझं नाव कुणी घेतलं नव्हतं. एका तान्ह्या पोराने रडायला तोंड उघडलं होतं, तेही मिटलं. मी बाकात तोंड खुपसून रडले, अगदी हमसून हमसून. बायकांना वाटलं बाटल्यांसाठी रडतेय. लव्हायना नंतर पाठीवर हात फिरवत म्हणाली, "जाऊ दे गं, बाटल्या काय, पुन्हा मिळतील."

जेवणाच्या वेळी वाचलेल्या पाचांतली एक बाटली मी बिशपपुढे ठेवली. त्याची विजार गुडघ्यांपाशी चिकट झाली होती, तेव्हा एवढं करणं भाग होतं. तो सावकाश प्यायला, दाढी पुसली आणि म्हणाला, "यीस्ट जास्त झालंय." एवढं बोलून पेला पुन्हा पुढे केला. निघताना घोडागाडीत चढता चढता थांबला. मला वाटलं, आता मंडळीपुढे उभं करणार. तो लगामाशी चाळा करत म्हणाला, "मॅटी, तुझ्या आईने प्रश्न विचारलाय. तिला कुणीतरी उत्तर द्यायला हवं." आणि गेला.

त्याला तीन आठवडे झाले. उरलेल्या चार बाटल्या आईने रोज अर्धा पेला करून संपवल्या, आणि त्यावर थोडं सूपही घेतलं. पण रोज सकाळी विचारते, "बेनी उठला का?" मी म्हणते, "बेनी आलेला नाही, आई." ती म्हणते, "मग बाटल्या कुणी भरल्या?" मी म्हणते, "मी भरल्या." त्यावर ती हसते. बेनी, लहानपणी मी तुझी चोरी अंगावर घ्यायची तेव्हा हसायची ना, अगदी तशी. मी काय सांगू तिला?

तरी कृपा करून उलट टपाली कळव की चौदा बाटल्यांना यीस्ट किती घालायचं. सफरचंदं भरपूर आली आहेत. लव्हायनाची म्हैसमुखी गाय व्याली. बाकी ठीक.

तुझी थोरली बहीण,
मॅटी

ता. क. : यीस्टचं प्रमाण कळवलं नाहीस तरी चालेल. अर्धा चमचा. तळघराच्या भिंतीवर तू पेन्सिलीने लिहून ठेवलं आहेस, "आर्धा", असं दीर्घ. दरवर्षी चुना मारताना मी तेवढी वीतभर जागा सोडते. तीन चमचे मी रागाने घातले. राग यीस्टवर नव्हता.

आणखी ता. क. : अठ्ठावीस सप्टेंबरला आईला नव्वद पुरी होतात. गुरुवार आहे. नव्या बाटल्या मी त्याआधी चार दिवस भरणार, चुलीपासून लांब. ट्रक घेऊन आलास तर कुंपणाबाहेर लाव, घोडे बिचकतात. बायकोलाही आण. मी तिला कधी पाहिलंच नाही, आणि एवढा हट्टी माणूस सत्तावीस वर्षं सांभाळणारी बाई मला बघायची आहे.

शेवटचा ता. क. : जेवायचं कसं, हे तुझ्या मनात येणार. दादांच्या मातीला आलास तेव्हा तू अंगणात अक्रोडाखाली उभा राहून जेवलास, ताटली हातात धरून. आम्ही चाळीस माणसं आत बसलो होतो. खिडकीतून तुझी पाठ दिसत होती. मला अकरा वर्षं ती पाठ दिसते आहे. म्हणून मी काल दोन टेबलं जवळजवळ लावून पाहिली. मध्ये चार बोटांची फट ठेवली आहे, म्हणजे टेबल एक नव्हे, दोन. वाळीतल्याबरोबर एका टेबलाशी जेवायचं नाही, हा नियम पाळला. वरून मात्र एकच लांब चादर घातली आहे, फट कुणाला दिसत नाही. आईची खुर्ची अगदी त्या फटीपाशी. तिचं कोपर पलीकडे तुझ्या टेबलावर गेलं तर मी काही बोलणार नाही. रूट बिअर तूच ओत, मला फेस सांभाळता येत नाही. फक्त पेला माझ्या हातात देऊ नकोस, तुझ्या हातून घ्यायची मला परवानगी नाही. चादरीवर ठेव. मी उचलून घेईन.