साक्ष दिली नाही

शुक्रवार, दिवेलागण. सालवड.

आज प्रार्थना आमच्या घरी होती. माझा नवरा सॅम्युएल तापाने गेला, त्यानंतरची पहिलीच. शेवटी रीतीप्रमाणे प्रत्येकाने साक्ष दिली, या आठवड्यात देवाने काय भलं केलं ते. कुणाला कंपनीत काम मिळालं, कुणाच्या मुलीचा ताप उतरला. माझी पाळी आली आणि तोंडच उघडेना. डोक्यावर पंखा करकरत होता. सॅम्युएल त्याला तेल घालणार होता.

पाळक हळूच म्हणाले, "देव चांगला आहे, ताई."

"मग सॅम्युएलचा ताप का नाही उतरवला?" सगळ्यांसमोर बोलले मी. बोलायला नको होतं का? कोण जाणे.

आई दांडीहून, आमच्या कोळीवाड्यातून आलीय. तिचा देव वेगळा, तरी दाराशी बसून ऐकत होती. बाबांना दर्याने नेलं, तरी ती दरवर्षी त्याला नारळ वाहते. सगळे गेल्यावर मी विचारलं, "तू दर्याला कधी जाब विचारला नाहीस?"

"नाय. दर्या देतो नि नेतो. त्याला काय इचारायचं?" मग म्हणाली, "तू मातर तुज्या देवाशी रोज भांडते."

भांडते खरी. तो चांगला नाही असं वाटलं असतं तर कशाला भांडले असते? गप्प बसले असते. म्हणजे विश्वास उरलाय अजून. तेवढ्याने बरं मात्र वाटत नाही. क्रुसावर येशूनेही त्यालाच विचारलं होतं, तू मला का सोडलंस म्हणून.

पंखा करकरतोय. त्याच्याखाली बसून पुन्हा विचारते.