मधलं घड्याळ

पांडेसरा, सुरत

ती. निंबाभाऊस,

वाल्मिकचा नमस्कार. इकडे सगळे मजेत आहोत. मिलमध्ये काम जरा कमी झालंय, पण पाळी मिळते, काळजी करू नकोस. मायचा खोकला थांबला का?

तू ट्रंकेत टाकून दिलेला कॅमेरा मी दिवाळीला घेऊन आलो होतो ना, तो अजून चालतो! बटण दाबलं की आत कुरकुरतो आणि आपला आपण फोकस धरतो. मला वाटलं, केवढा शहाणा. पण माझ्या दोन्ही पोरी, हर्षदा आणि चंचल, एकमेकींपासून जरा अंतर सोडून उभ्या राहिल्या, तर दोघी धूसर आणि मागचं कॅलेंडर मात्र तारीख वाचता येईल इतकं साफ.

रोल धुवायला दिला होता, ते स्टुडिओवाले काका हसले. म्हणाले, "ये तो बीच में जो दिखे, बस उसी को पकड़ता है."

मला एकदम तू याच कॅमेऱ्यानं काढलेला आबा-मायचा फोटो आठवला. दोघं पुसट, मधलं घड्याळ स्वच्छ. आबा गेल्यावर मोठा करायला दुसरा फोटोच नव्हता. हात हलवला म्हणून सगळ्यांनी तुला बोल लावले. मीही लावले. नंतर तू कॅमेऱ्याला शिवला नाहीस.

तुझा हात हलला नव्हता, भाऊ. चारचौघांत लाजून ते दोघं हातभर लांब उभे होते, एवढंच.

फोनवर हे बोलायचा धीर झाला नाही. गावाकडे येणाऱ्या सागरबरोबर कॅमेरा पाठवतोय, नवा रोल घातलाय. मायचा फोटो काढ. आता एकटीच आहे, मधोमध बसव.

तुझा धाकटा,
वाल्मिक