बरणी परत मागवली तेव्हा

१२ जानेवारी, सोमवार
सकाळचा चहा उलटून पडला. मग पोळीवर पीनट बटर पसरून खाल्लं, तेवढं राहिलं. पाचवा महिना लागला तरी हेच. डॉ. बाई म्हणतात, जे राहतंय ते खा. खातेय. नुसतं चमच्यानंसुद्धा.

मागच्या वेळेसारखं व्हायला नको म्हणून दिवसभर पडून राहायचं. खिडकीतून दौलताबादकडचे डोंगर दिसतात. आज धुक्यात नुसती वरची कड होती, खाली काही नाही. मलाही दिवसभर तसंच वाटलं, खाली पायच नसल्यासारखं.

दुपारी खालच्या मजल्यावरून नसरीनबाजींची आयेशा आली. पहिलीत आहे. माझ्याशेजारी लवंडली आणि सरळ बरणीत बोट. बाजी मागं म्हणाल्या होत्या, ही शाळेतून डबा तसाच परत आणते. म्हणून अर्धं पीनट बटर स्टीलच्या डब्यात काढून दिलं. डबा दोन्ही हातांनी धरून जिना उतरली.

१४ जानेवारी, संक्रांत
गणेशला सुट्टी नाही. वाळूजच्या कारखान्याची बस पकडायला लवकरच गेला. करमाडहून सासूबाईंचा, आत्यांचा फोन. मुलापेक्षा माझ्याशीच जास्त बोलतात. "सूनबाई, तीळ धाडलेत. उष्ण म्हणून भिऊ नको, चिमूटभर खा." हो म्हटलं. वासानंच पोट ढवळतं हे सांगितलं नाही.

दुपारी झोपेत मी पाण्यावर पडले होते आणि पाण्याखालच्या खोलीत कुणीतरी सावकाश भांडी लावत होतं. जाग आली तर खाली बाजींची भांडी.

बरं वाटत होतं. उगाच.

१६ जानेवारी, शुक्रवार
ज्या ॲपवरून मागवतो त्यावर मेसेज. तुम्ही घेतलेल्या पीनट बटरच्या काही बरण्यांत तपासणीत जंतू सापडले आहेत, खाऊ नये, कंपनी माल परत मागवत आहे. खाली बॅच नंबर. बरणी उलटी करून बघितला. परत बघितला. तोच.

आधी हात पोटावर गेला. मग डबा आठवला. या क्रमानं, हे लिहून ठेवते.

जिना उतरायची परवानगी नाही. कठडा धरून उतरले. बाजींनी दार उघडलं, केस मोकळे, हातात ओलं फडकं. म्हणाल्या, "आत ये, पण आयेशाजवळ जाऊ नको. काल संध्याकाळपासून जुलाब. काही ठरत नाही पोटात."

मी मेसेज दाखवला. त्यांनी पूर्ण वाचला. फडताळातून डबा काढला, उघडला. तळाशी थोडंसंच उरलेलं. झाकण लावलं आणि आत गेल्या. मी दारातच उभी. नंतर बराच वेळ कुणी आलं नाही, मग वर आले.

१७ जानेवारी, शनिवार
आयेशाला दवाखान्यात ठेवलंय. सलाईन. हे गणेशला खाली आयेशाचे अब्बा युसूफभाई भेटले तेव्हा कळलं.

आम्ही डॉ. बाईंकडे. "ताप? पोट दुखतं? जुलाब?" नाही, नाही, नाही. "मग घाबरून जाऊ नका. पण लक्ष ठेवा. ताप आला की वाट बघायची नाही, सरळ इकडं यायचं." गणेशनं विचारलं, बाळाला काही? त्या म्हणाल्या, "होऊ शकतं. होईलच असं नाही." मधे जी जागा असते, तिथं राहायचं आता.

खायला काय? घरी नीट भाजलेले दाणे, तीळ, मुगाचं वरण, पूर्ण उकडलेलं अंडं. बंद बरणीतलं सध्या काही नको.

कंपनीला गणेशनं फोन लावला. बराच वेळ गाणं, मग एक मुलगी. "झालेल्या गैरसोयीबद्दल खेद आहे." गणेशनं फोन ठेवला. बरणी पिशवीत बांधून गॅलरीत ठेवलीय, ते न्यायला येणार म्हणे. बांधायच्या आधी मी मागचं बारीक अक्षर वाचलं. साखर, पामतेल, अजून कसकसलं. इतके दिवस वाटत होतं आपण दाणेच खातोय.

१९ जानेवारी, सोमवार
ताप नाही. सारखी बघतेय. थर्मामीटर तोंडात धरून डोळे मिटले की पेंग येते. दिवस कुठं संपतो कळत नाही. ऊन भिंतीवरून सरकत कपाटापर्यंत जातं आणि मी नुसती त्याच्याकडं बघत

खाली दार बंद. भांडी वाजत नाहीत.

गणेश भात घेऊन बसला, "दोन घास." मी म्हटलं, पोरीला काही झालं तर मी या घरात राहू शकणार नाही. तो म्हणाला, "आधी जेव." रागानं नाही. त्याचाही घास हातातच होता.

२१ जानेवारी, बुधवार
आयेशा घरी आली. रिक्षातून उतरताना वरून बघितली. बापाच्या खांद्यावर, पाय लोंबकळत. हात करावा वाटला, केला नाही.

संध्याकाळी बाजी वर आल्या. बसल्या नाहीत आधी. मी म्हटलं, बाजी, मला खरंच...

"मालूम है. तुला काय माहीत असणार. तू पण तेच खात होतीस." मग खुर्ची ओढून बसल्या. "पण खरं सांगू? दो दिन तेरा नाम नक्को लग रा था मेरेको. मग माझी अम्मी बोलली, अगं, तिला विचार तरी, वो भी पेट से है."

माझ्या कपाळावर हात ठेवला. दवाखान्याचा वास होता हाताला. म्हणाल्या, "थंड आहे." आणि तसाच ठेवला. दोघी रडलो नाही. रडलो असतो तर बरं झालं असतं बहुतेक.

२२ जानेवारी, गुरुवार
आत्या आल्या करमाडहून, पिशवीत शेंगा. म्हटलं ओरडतील, विकतचं खायची सवय म्हणून. तर आल्या आल्या म्हणाल्या, "मला बी लई आवडलं व्हतं ते. तू मागं भाकरीला लावून दिलतं ना. आता तसलंच करू घरी."

दाणे भाजले. गप्पांत पहिला घाणा करपला. दुसरा बरा. सालं पाखडताना खोलीभर उडाली, उन्हात तरंगत राहिली, मी बघत राहिले. मिक्सर तापला, थांबला, परत चालू. शेवटी गूळ घालून एक जाडसर गोळा झाला.

खाली पाठवायची माझी छाती होईना. आत्याच घेऊन गेल्या. बाजींनी आधी स्वतः चाखलं, मग लेकीला चमचाभर. आयेशाचं म्हणणं: "वैसा नहीं है." आत्यांना हे फार लागलंय. उद्या तीळ भाजून घालणार आहेत.

२५ जानेवारी, रविवार
सकाळी थंडी वाजली. वाटलं, जानेवारीच आहे. थर्मामीटर म्हणाला, नाही.

दवाखाना. रक्त घेतलं, तपासणीला लांब पाठवणार. सलाईनमधून औषध आजपासूनच, रिपोर्टची वाट न बघता. मग सोनोग्राफी. डॉ. बाई पोटावरून यंत्र फिरवत होत्या. मी त्यांच्या तोंडाकडं बघत होते, पडद्याकडं नाही. मागच्या वेळी पडद्याकडं बघितलं होतं. मग आवाज आला, दूर कुठंतरी घोडं पळतंय तसा. "आहे," एवढंच म्हणाल्या.

तापात सगळं मऊ दिसत होतं. छत, गणेश, त्याच्या शर्टावरचं कारखान्याचं नाव. तो माझी चप्पल हातात धरून उभा होता. खाली ठेव म्हटलं, तर हो म्हणाला आणि धरूनच राहिला.

२८ जानेवारी, बुधवार
घरी. ताप उतरला. औषध चालू. हा त्या बरणीचाच ताप होता की साधा, डॉ. बाईंनाही सांगता येत नाही. रक्ताचा रिपोर्ट अजून यायचा. त्यानंतरही पुढच्या सोनोग्राफीपर्यंत थांबायचं. "आजचं आज बघा," म्हणाल्या.

बरणी न्यायला कुणी आलेलं नाही.

आत्यांनी तीळ-दाण्याचं केलं. अर्धी पोळी. राहिली. वास लागला नाही. बाजींनी खालून मुगाची खिचडी पाठवली, तीही थोडी.

३१ जानेवारी, शनिवार
दुपार. आत्या खाली बाजींकडं गेल्यात. दोघींचं बोलणं वर येतं, शब्द नाही, नुसता सूर. आयेशाचा शाळेत जायचं नाही म्हणून रडका आवाज. म्हणजे बरी आहे.

रिपोर्ट सोमवारी.

कुशीवर वळले तेव्हा आत काहीतरी हललं. माशानं शेपटी फिरवावी तसं, इतकं हलकं. की नुसतं पोटच गुरगुरलं. मागच्या वेळी इथपर्यंत आलेच नव्हते, त्यामुळं मला माहीत नाही हे कसं असतं. आत्यांना हाक मारावी का? मारली नाही. तशीच श्वास धरून पडलेय, एका हातानं लिहितेय, दुसरा